आपल्या क्षितिजाची जाहिरात

८ जानेवारी २०१८, सोमवार

आज आमच्या मालकाने, डोनलने, मार्केटिंग माझ्या टेबलावर ठेवलं. अक्षरशः ठेवलं: नीव्हचा लॅपटॉप, तिचे पासवर्ड लिहिलेली पिवळी चिठ्ठी आणि चॉकलेटचा अर्धा संपलेला डबा. मार्केटिंग बघणारी नीव्ह ख्रिसमसला ऑस्ट्रेलियाला गेली. परत येणार नाही.

"तुला आकडे कळतात," डोनल म्हणाला. "मार्केटिंग म्हणजे आता आकडेच."

मी म्हटलं, मी सेन्सर कॅलिब्रेट करते.

"तेच तर. आता हेही कर."

कंपनी म्हणजे डब्लिनमधल्या क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कमधला एक गाळा, सात माणसं आणि एक डबी. डबी भिंतीवर लावायची. ती हवेतली आर्द्रता आणि भिंतीचं तापमान मोजते आणि बुरशी कुठे धरणार ते आधीच सांगते. या देशात अशा डबीला गिऱ्हाईक न मिळणं अवघड आहे. तरी मिळत नाही. इतकी वर्षं बिल्डर घ्यायचे, त्यातला सगळ्यात मोठा बिल्डर गेल्या वर्षी सुटला. आता घरमालकांना थेट, ऑनलाइन विकायचं आहे. ईस्टरपर्यंत नियमित मागणी सुरू झाली तर डोनल माझ्या वर्क परमिटचा अर्ज करणार. नाही झाली तर त्याला माझी जागा परवडत नाही. माझा शिक्षणानंतरचा व्हिसा जूनमध्ये संपतो. हे सगळं त्याने नीट, डोळ्यांत बघून सांगितलं. शेवटी विचारलं, "ग्रँड?" मी म्हटलं, ग्रँड. (इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात.)

घरी आल्यावर कौमुदीने विचारलं, चेहरा असा का. ती माझी फ्लॅटमेट, एमएस्सी करते आणि अभ्यास सोडून बाकी सगळ्यात लक्ष घालते. म्हटलं, ईस्टरपर्यंत मार्केटिंग जमलं नाही तर नाशिकला परत. नंतर वाटलं, सांगायला नको होतं. ती कुणाला बोलणार नाही असं मी गृहीत धरते.

१४ जानेवारी, रविवार

आठवड्याचा हिशोब. फेसबुक पानाचा कोर्स सुरू केला. टेक्सासमधला एक माणूस शिकवतो, प्रत्येक वाक्याच्या शेवटी भुवया उंचावतो. शुक्रवारी बातमी आली की फेसबुक आता कंपन्यांच्या पानांपेक्षा मित्रांच्या पोस्ट जास्त दाखवणार. टेक्सासवाल्याने लगेच नवा व्हिडिओ टाकला: पान मेलं, आता ई-मेल. ई-मेलचा कोर्स सुरू केला. तिसऱ्या धड्यात कळलं की मे महिन्यापासून युरोपात संमतीचे नियम कडक होणार. नीव्हने जमवलेल्या पत्त्यांपैकी संमती एकाचीही नाही. तोही बंद. मग चॅटबॉट. चॅटबॉटला "माझ्या भिंतीला ओल आहे" असं लिहून पाहिलं. तो म्हणाला, "वा, छान! आणखी काय मदत करू?"

कॅलिब्रेशनचा नियम साधा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी स्थिर ठेवायचं, आकडा स्थिरावेपर्यंत हात लावायचा नाही. इथेही तोच लावणार. एकच तंत्र, गुगलवरच्या जाहिराती. कुणी 'डॅम्प वॉल' असं काही शोधलं की आमची जाहिरात वर दिसेल. त्यावर क्लिक झालं की कंपनीचे पैसे जातात, डबी घेतली नाही तरी. दिवसाचं बजेट संपलं की जाहिरात गायब. म्हणजे प्रत्येक क्लिक योग्य माणसाचा हवा.

ईस्टरपर्यंत दुसरं काही उघडायचं नाही. टेक्सासलाही नाही.

२१ जानेवारी, रविवार

लक्ष लागत नाही याचं कारण शोधलं. कारण फोन. संध्याकाळी अभ्यासाला बसले की तो स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, डाळीच्या डब्यामागे ठेवते. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मलाही सवय लागली.)

फोनमध्ये सगळ्यात मोठं भगदाड डब्लिनमधल्या मराठी ग्रुपचं. निम्मे ब्युमॉन्टच्या आसपास राहणारे डॉक्टर, निम्मे आमच्या ॲडम्सटाउनचे आयटीवाले. कुणाच्या भाच्याच्या चित्राला मत द्या. कुणाच्या मेव्हण्याच्या चॅनलला सबस्क्राइब करा. सगळ्यांनी करा, आणि केलं की 'झालं' लिहा. मी करत असे, कारण नाही केलं तर पुढच्या कार्यक्रमात विचारतात. आज ग्रुप वर्षभरासाठी म्यूट केला. खूप शांत वाटलं.

कौमुदी ओरडली, "मॅडम, मुगाच्या डाळीमागे कोणीतरी थरथरतंय!"

"थरथरू दे."

३० जानेवारी, मंगळवार

क्लिक दुपटीहून जास्त झाले. मी फक्त जाहिरातीचा मथळा बदलला होता, बाकी काही नाही. म्हणजे मथळ्यानेच झालं. डोनलला आलेख दाखवला. तो "फेअर प्ले", म्हणजे शाब्बास, म्हणाला आणि स्वतः चहा करून आणला.

विक्री मात्र नाही. लोक येतात, पान उघडतात, थोडं थांबतात, जातात.

शनिवारी किराणा दुकानात शुभदाताई भेटल्या. ब्युमॉन्टला राहतात, त्यांचे मिस्टर हरीशदादा तिथेच डॉक्टर आहेत. सध्या कराडहून सासूबाई आल्या आहेत. मला बघून लांबूनच म्हणाल्या, "अगं, तुझी जाहिरात बघतो हं आम्ही रोज! न चुकता!"

म्हणजे ब्युमॉन्टमध्ये जाहिरात व्यवस्थित दिसते आहे. नोंद घेतली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज गावांप्रमाणे अहवाल काढला. चित्र स्पष्ट आहे. पहिलं ब्युमॉन्ट: जुनी घरं, ओल असणारच. दुसरं ॲडम्सटाउन: नवी, हवाबंद घरं, बाष्प आतच कोंडतं. दोन्ही तर्काला धरून. तिसरं अनपेक्षित. रॉसकॉमन काउंटीतलं एक छोटं गाव, तिथून रोज सकाळी अकराच्या सुमारास क्लिक येतात. रविवारी थोडे उशिरा. इतकी नियमितता मी प्रयोगशाळेतही पाहिलेली नाही. बहुधा शेतकरी सकाळची कामं आटपून त्या वेळी घरात येतात.

डोनलला सांगितलं की तिन्ही ठिकाणी बजेट वाढवू, विशेषतः रॉसकॉमनला. डोनल मूळचा तिकडचाच, म्हणून वाटलं खूश होईल. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

"तिकडे भिंती ओल्या असतात खऱ्या," म्हणाला.

"मग वाढवू?"

"तुला योग्य वाटेल ते."

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

नियम मोडला. एका वेळी एकच गोष्ट, म्हणून पानावरच्या बटणाचा रंग बदलला, थांबले. काही नाही. फोटो बदलला, थांबले. काही नाही. किंमत वरून खाली नेली. काही नाही. मग ऑफिसात जेवताना टेक्सासचा व्हिडिओ दिसला: 'क्लिक येतात पण विक्री नाही? तुम्ही ही एक चूक करताय.' चूक अशी की आलेल्या माणसाचा पाठलाग करायचा असतो. तो जिथे जाईल तिथे, बातम्या वाचताना, पाककृती बघताना, आपली डबी त्याला दिसत राहायला हवी. नवा कोर्स घेतला. तीन संध्याकाळी गेल्या. आता आमची डबी मला सगळीकडे दिसते. दुसऱ्या कुणाला दिसते की नाही कळत नाही.

कोर्स सुरू केले: पाच. पूर्ण: शून्य.

मूर्ख झाल्यासारखं वाटतं. सेन्सर चुकीचा आकडा देतो तेव्हा कारण असतं: सैल वायर, दव, कुणाचा तरी अंगठा. इथे आकडे बरोबर आहेत, वाढत आहेत, आणि अर्थ काहीच नाही.

आई फोनवर विचारत होती, कसं चाललंय. म्हटलं, ठीक.

२ मार्च, शुक्रवार

बर्फ. देश बंद. दुकानांतला पाव संपला, माणसं पावासाठी भांडली म्हणे. आम्ही भाकऱ्या केल्या. कौमुदीच्या भाकरीला पापुद्रा आला नाही, त्याचं खापर तिने आयर्लंडच्या हवेवर फोडलं.

घरून काम केलं. क्लिक आजवरचे सर्वांत जास्त. जेवणाच्या आधीच बजेट संपलं. रॉसकॉमनची मात्र वेळ बिघडली, कधीही येत होते. तापमान आणि क्लिक यांचा संबंध मांडायला घेतला, चांगला जुळतोय.

कौमुदी दिवसभर सोफ्यावर फोन घेऊन खिदळत होती. म्हणाली, "आज काय, सगळे घरीच आहेत ना!"

"कोण सगळे?"

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "देश, मॅडम. अख्खा देश."

१२ मार्च, सोमवार

आज काम ठप्प. फोन वाजत राहिले.

हे जानेवारीत सुरू झालं. टाला भागातल्या एका बाईंचा फोन आला होता. बाळाच्या खोलीत कपाटामागे भिंत काळी पडली आहे, आणि तुमच्या वेबसाइटवर सगळं आहे पण मी काय करू ते कुठेच नाही. त्यांना सांगितलं: कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा, कपडे त्या खोलीत वाळवू नका, डबी कपाटामागे ठेवा आणि हिरवा दिवा लागेपर्यंत खिडकीची फट उघडी ठेवा. पुन्हा कुणी तेच विचारलं तर वेळ जाऊ नये म्हणून हे सगळं वेबसाइटच्या एका कोपऱ्यात लिहून टाकलं, शेवटी ऑफिसचा नंबर दिला. आता तेच वाचून लोक फोन करतात. नंतर बहुतेक जण डबी मागवतात, पण फोनवर, नाव-पत्ता सांगून. वेबसाइटच्या आकड्यांत ते येत नाहीत. शिवाय हे कुठलं तंत्रही नाही, म्हणून प्रयोगातून वगळलं आहे.

आज पाच फोन झाले. एवढ्यात माझे जाहिरातीचे दोन धडे झाले असते. ईस्टर पहिल्या एप्रिलला आहे.

१८ मार्च, रविवार, पाडवा

हे नीट लिहिते, म्हणजे पुन्हा आठवावं लागणार नाही.

शुभदाताईंकडे पाडव्याचं जेवण. सकाळपासून पुन्हा बर्फ. गुढी बाल्कनीत ठेवली तर वारा तांब्या घेऊन जाईल, म्हणून ती घरातच, टीव्हीशेजारी उभी. दहा-बारा माणसं. मी जाऊन बसले, तर नंदाआजींनी, म्हणजे शुभदाताईंच्या सासूबाईंनी, मला शेजारी ओढलं.

"ये पोरी. माजं दाबून झालंय बरं का आज. सकाळी देवाफुडं दिवा लावला की पयलं तुजंच."

मी विचारलं, काय दाबलं?

"आता! तुजी जाहिरात!" त्यांनी टॅबलेट मांडीवर घेतला, तोंडाजवळ नेला आणि देवळात घंटा वाजवतात तशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "ड्याम्प वॉल!"

आमची जाहिरात वर आली. मी लिहिलेला मथळा. आजींनी बोट टेकवलं. "हे बघ. आन् लगीच बंद न्हाई करायचं, थोडं खाली-वर करायचं. कौमुदीनं शिकवलंय."

खोलीत सगळे हसत होते. हरीशदादा श्रीखंडाची वाटी घेऊन आले. "आम्ही हॉस्पिटलमध्ये पण करतो. माझी अख्खी टीम. ब्रेकमध्ये एकेक."

"मी दिवसातून दोनदा," कुणीतरी म्हणालं.

"बर्फात तर आम्ही स्पर्धाच लावली होती!"

मी कौमुदीकडे बघितलं. ती खूश होती. "जानेवारीपासून, मॅडम. ग्रुपवर टाकलं होतं, आपल्या क्षितिजाची जाहिरात दिसली की सगळ्यांनी रोज एकदा तरी क्लिक करायचं, केलं की 'झालं' लिहायचं. अजून एक जण चुकला नाही. तू ग्रुप बघतच नाहीस का?"

मी म्हटलं, "प्रत्येक क्लिकचे कंपनीला पैसे पडतात."

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तुम्ही क्लिक केलं की आमचं बजेट संपतं आणि ज्याच्या घरात खरंच ओल आहे त्याला जाहिरात दिसतच नाही. दोन महिन्यांचे माझे सगळे आकडे तुम्ही आहात. माझ्याकडे एकही निष्कर्ष उरलेला नाही. मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

हरीशदादांची वाटी हातातच राहिली. "म्हणजे आम्ही तुझं…"

"हो."

कौमुदी म्हणाली, "तू काही बोलत नाहीस ना. कधीच. एक वाक्य बोललीस, नाशिकला परत. मग आम्ही काय करायचं होतं?"

"विचारायचं होतं."

"विचारलं की तू 'ठीक' म्हणतेस!"

मी कोट उचलला. शुभदाताई हळूच म्हणाल्या, "अगं, बस बंद आहेत. बर्फामुळे. आत्ताच बघितलं."

म्हणून मी कोट ठेवला, परत बसले आणि जेवले. त्याच माणसांबरोबर. सगळे आपापल्या ताटाकडे बघत होते. फक्त नंदाआजी मधेच शुभदाताईंना म्हणाल्या, "पोरीला पुऱ्या वाढ आनखी."

२१ मार्च, बुधवार

ग्रुपवर काल एक संदेश टाकला होता: 'कृपया जाहिरातीवर क्लिक करू नये. क्षितिजा.' उत्तर कुणाचंच नाही. एक अंगठासुद्धा नाही. कौमुदी घरात 'दूध संपलंय' एवढंच बोलते.

आलेख सरळ खाली आला. ब्युमॉन्ट शून्य, ॲडम्सटाउन जवळजवळ शून्य. मी मांडलेल्या दोन सिद्धांतांची किंमत तेवढीच.

पण रॉसकॉमन तसंच आहे. रोज सकाळी अकराला. म्हणजे एक तरी गोष्ट खरी होती. आता सगळं बजेट तिकडे द्यावं. डोनलला सोमवारी सगळं सांगणार, पाडव्यासकट. लपवता येईल. 'डेटा स्वच्छ केला' असं म्हटलं तर तो काही विचारणार नाही. पण चुकीच्या आकड्यांवर दुसऱ्याला उभं करणं मला जमत नाही. ही काही थोर गोष्ट नाही, सवय आहे.

२६ मार्च, सोमवार

डोनलला सांगितलं. माझ्या ओळखीच्या माणसांनी, माझ्यासाठी, मला न सांगता, तुझ्या पैशांनी क्लिक केले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, परिणाम वाईट होता. ब्युमॉन्ट आणि ॲडम्सटाउन खोटे, रॉसकॉमन तेवढं खरं. मी पुढचा आराखडा उघडला.

डोनलचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

"क्षितिजा, रॉसकॉमन बंद कर."

"का? तोच एक…"

"ती माझी मॅमी आहे."

मी आराखडा बंद केला.

"आणि तिच्या दोन बहिणी. चर्चमधली सकाळची मास झाली की आमच्याकडे चहाला बसतात आणि…" त्याने हवेत बोट टेकवलं. "जानेवारीत मी म्हणालो होतो, बघा आमची जाहिरात कशी दिसते. एकदा. मी एकदाच म्हणालो होतो."

"तुला फेब्रुवारीपासून माहीत होतं."

"संशय होता."

"मी त्यांच्यासाठी बजेट वाढवलं. तू 'योग्य वाटेल ते' म्हणालास."

"तू किती खूश होतीस! आणि आता मी मॅमीला काय सांगू? तिला वाटतं कंपनी तीच चालवते."

मी चिडले होते. अडीच महिने. बटणाचे रंग, पाठलाग, शेतकऱ्यांची कामाची वेळ, बर्फ आणि क्लिकचा आलेख. मी दोन कुटुंबांच्या मायेचा अभ्यास करत होते आणि त्याला बाजारपेठ म्हणत होते.

डोनलने कपाळ चोळलं. "म्हणजे या सगळ्यातून काही विकलंच गेलं नाही."

"वेबसाइटवरून चार."

"मग पॅकिंगवाला तक्रार का करतोय? खोकी संपली म्हणतो."

"ते फोनवरचे."

"कोणते फोनवरचे?"

सांगितलं. काळी भिंत, कपाट हातभर पुढे, कोपऱ्यातलं पान, शेवटी नंबर. रोज येतात, तीन-चार, कधी पाच. बहुतेक घेतात. काही जण बहिणीला नाही तर शेजारच्यांना नंबर देतात.

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"ते तंत्रात बसत नाही. प्रयोगाबाहेर होतं."

डोनल माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी त्या चॅटबॉटकडे बघितलं होतं.

२९ मार्च, गुरुवार

उद्या गुड फ्रायडे, ऑफिस बंद. निघताना डोनलने परमिटचे कागद माझ्या टेबलावर ठेवले. सही झालेले. म्हणाला, "नियमित मागणी म्हणालो होतो. कुठून यायला हवी ते बोललो नव्हतो." ते कोपऱ्यातलं पान आता पहिलं पान करायचं आहे. जाहिरात लहान ठेवायची आणि सरळ त्या पानाकडे न्यायची. मार्केटिंग माझ्याकडेच राहील, सेन्सरही.

आनंद झाला असावा. पण बसमध्ये जाणवला तो थकवाच. टेक्सासवाल्याचे सगळे कोर्स काढून टाकले. सुरू: सात. पूर्ण: शून्य.

घरी कौमुदीला सांगितलं. ती 'छान' म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. मग दार उघडून परत आली. "ग्रुपवर सांगितलंस?"

"नाही."

"दोन महिने रोज एकेक जण विचारायचा, काही झालं का तिचं. आता तुझ्या त्या 'करू नये'नंतर कुणाची विचारायची हिंमत नाही. तेवढं सांग."

लिहायला बराच वेळ लागला. 'परमिटचा अर्ज जातोय. पाडव्याला मी चुकीचं बोलले नाही, पण चुकीच्या तऱ्हेने बोलले.' क्षणभरात फोन थरथरायला लागला. प्रेसमध्ये ठेवला नाही.

८ एप्रिल, रविवार

डबी घेऊन ब्युमॉन्टला गेले. शुभदाताईंनी दार उघडलं, "या, सेन्सर मॅडम!" म्हणाल्या. टोमणा होता, पण दार पूर्ण उघडलं होतं.

नंदाआजींची खोली मागची, उत्तरेकडची. रोज खाली-वर करताना त्यांनी आमच्या पानावरचे फोटो इतके बघितले होते की मला हाताला धरून थेट कपाटाकडे नेलं. "हे बघ. तुज्या फोटुतलं काळं. हितंबी हाय. मी सुनंला बोलले न्हाई, तिला वाटंल सासू खोड काढती."

कपाट ओढलं. मागे काळं होतं. डबी लावली, लाल दिवा लागला. शुभदाताईंनी कपाळाला हात लावला, "आई, अहो, तीन महिने तुम्ही यात झोपताय!" मग कपाट पुढे, खिडकीची फट, आजींची धुतलेली लुगडी रेडिएटरवरून बाहेर. संध्याकाळपर्यंत दिवा पिवळा झाला.

आजी डबीसमोर बसून होत्या. पुढच्या आठवड्यात त्या परत जातात.

"आता रोज काय दाबू गं?"

"काही नाही, आजी. दाबायचं नाही."

"आन् कराडात? तिकडं दिसती का तुजी जाहिरात?"

"नाही. फक्त आयर्लंडमध्ये."

त्यांनी डबीवरून पदर फिरवला. "मग तुला कसं कळायचं, आमी हाय म्हनून?"

फोन करा, असं म्हणता आलं असतं. बसमध्ये सुचलं.

१९ एप्रिल, गुरुवार

आजी काल गेल्या. आज नवं कॅम्पेन सुरू केलं. ठिकाण: कराड. शोधाचा शब्द: डॅम्प वॉल. दिवसाचं बजेट: एका क्लिकपुरतं, त्याचे पैसे मी ऑफिसच्या चहाच्या डब्यात टाकते. अपेक्षित विक्री: शून्य. कारणाचा रकाना रिकामा ठेवला.

शुभदाताईंना एवढंच कळवलं की आजींना सांगा, दिसेल.

२३ एप्रिल, सोमवार

सकाळचा अहवाल. टाला, नेव्हन, कॉर्क, सगळे खरे, थोडे. आणि शेवटच्या ओळीत कराड: एक. पानावर बराच वेळ थांबून.

डोनल मागे चहा घेऊन उभा होता. स्क्रीनकडे वाकून त्याने ते नाव अडखळत वाचलं. "हे कुठे आलं?"

"रॉसकॉमनच्या जरा पुढे."

त्याने एक घोट घेतला. "ग्रँड," म्हणाला आणि गेला.